एमसीबी ‘पडत’ नसतो!

आज जरा भांडायलाच बसले आहे. विषय तसा किरकोळ वाटेल. घराच्या दाराशेजारी, भिंतीवर उंच, एका पेटीत ओळीने बसलेली ती बटणे! त्यातले एखादे अधूनमधून खाली येते आणि अर्धे घर अंधारात जाते. मग आपण स्टूल आणतो, मोबाइलचा उजेड पाडतो, बटण वर ढकलतो आणि पुन्हा टीव्हीसमोर येऊन बसतो. परत खाली आले, परत वर ढकलतो. तिसऱ्यांदा आले की वायरमनला फोन. वायरमन येतो, पेटीत डोकावतो आणि म्हणतो, "आजी, हा एमसीबी कमी ताकदीचा आहे, मोठा टाकून देतो." दहा मिनिटांत काम होते, पैसे दिले जातात, आणि त्यानंतर बटण काही खाली येत नाही. सगळे खूश.

माझे भांडण आहे ते या ‘सगळे खूश’शी.

जन्मभर मराठी शिकवले, त्यामुळे मी आधी क्रियापदाला हात घालते. आपण काय म्हणतो? "एमसीबी पडला." मूल खेळताना पडते, पावसात भिंत पडते, परीक्षेत पोरगा पडतो (निदान आमच्या वेळी पडायचा). पडणे म्हणजे कमी पडणे, हरणे. म्हणजे वाक्य उच्चारतानाच आपण त्या बिचाऱ्या बटणाला दोषी ठरवून मोकळे होतो. आणि जो पडला, त्याला उचलून उभे करायचे, नाहीतर त्याच्या जागी धट्टाकट्टा आणायचा, हे ओघानेच आले.

आता तेच वाक्य असे म्हणून पाहा: "एमसीबीने वीज तोडली." वाक्याला कर्ता मिळाला. आणि कर्ता मिळाला की पुढचा प्रश्न कोणीही न शिकवता तोंडात येतो. का तोडली?

हा ‘का’ विचारायचा कंटाळा, यावरच माझा सगळा राग आहे.

एमसीबी काय करतो ते समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. मी स्वतः बी.ए., तेही मराठी माध्यमातून. त्या छोट्या डबीत दोन पहारेकरी असतात. एक आहे दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज बराच वेळ वाहिली की ती तापून वाकते आणि खटका सोडते. हा सोशिक पहारेकरी. थोडे जास्त झाले तर काही मिनिटे वाट बघतो, खूप जास्त झाले तर लवकर चिडतो. दुसरा आहे तारेचे वेटोळे, म्हणजे विद्युतचुंबक. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट भिडले, म्हणजेच शॉर्टसर्किट झाले, तर विजेचा लोंढा येतो आणि हे वेटोळे डोळ्याचे पाते लवायच्या आत खटका ओढते. आज आपल्या घरात जो एमसीबी दिसतो, त्याचे पेटंट जर्मनीत १९२४ साली घेतले गेले. शंभर वर्षे झाली. एवढ्या जुन्या आणि एवढ्या साध्या वस्तूबद्दल आपण "आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा" असे अभिमानाने सांगतो, याची मला गंमत वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. एमसीबी तुमच्या फ्रिजला किंवा मिक्सरला वाचवायला बसवलेला नसतो. तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. एमसीबीवर ‘सी १६’ किंवा ‘सी २०’ असे काहीतरी लिहिलेले असते. तो आकडा त्याची ‘ताकद’ सांगत नाही. त्याच्यामागे भिंतीत गेलेली वायर किती अँपिअरचा भार बिनधोक वाहू शकते, त्या हिशोबाने तो निवडलेला असतो. साधारणपणे दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार आणि ६ किंवा १० चा एमसीबी, प्लगसाठी अडीचची तार आणि १६ चा, एसीसाठी चारची तार आणि २० किंवा २५ चा, अशी जोडी लावतात.

आता स्वयंपाकघराचा हिशोब मांडू. इंडक्शन शेगडी २००० वॅट, पाण्याची केटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०. बेरीज ५४५०. त्याला २३० व्होल्टने भागा, जवळजवळ २४ अँपिअर आले. दिवाळीच्या सकाळी पाहुणे आलेले असताना हे चारही एकदम चालतात, आणि सर्किट आहे १६ चे! सोशिक पहारेकरी थोडा वेळ सोसतो आणि मग वीज तोडतो. त्याने त्याचे काम चोख केले. आणि आपण काय करतो? १६ चा काढून ३२ चा बसवतो. भिंतीतली तार तीच, अडीचची. तारेत निर्माण होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट वीज वाहिली तर उष्णता चौपट. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. त्यापुढे ते आधी कडक होते, मग त्याला चिरा जातात, आणि हे सगळे भिंतीच्या आत, पाइपात, कोणाला दिसत नाही अशा जागी वर्षानुवर्षे चालते. एके दिवशी आग लागते आणि "आगीचे कारण शॉर्टसर्किट" असे छापून येते. शॉर्टसर्किट आपले आपण होत नाही हो, ते कोणीतरी दहा मिनिटांत करून ठेवलेले असते.

आमच्या पिढीला हे नवीन नाही. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आठवतात ना? फ्यूज उडाला की घरातले कर्ते पुरुष त्यात बारीक तारेऐवजी हाताला लागेल ती तांब्याची जाड तार पिळून बसवायचे आणि "आता बघू कसा उडतो" म्हणायचे. फ्यूज गेले, एमसीबी आले, पेट्या झकपक झाल्या. ‘आता बघू कसा पडतो’ ही वृत्ती मात्र जशीच्या तशी राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

इथपर्यंतचे पाप एक वेळ मी अज्ञानात जमा करीन. पण दुसरे एक पाप आहे, त्याला माफी नाही. त्या पेटीत एक रुंद बटण असते, दोन एमसीबीएवढे. त्यावर ‘टेस्ट’ किंवा नुसते ‘टी’ लिहिलेली छोटी कळ असते. त्याचे आजचे नाव आरसीसीबी, पण आपल्याकडे सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. याचे काम वाण्याच्या हिशोबासारखे आहे. फेजच्या तारेतून जेवढी वीज घरात गेली, तेवढीच न्यूट्रलच्या तारेतून परत आली पाहिजे. कमी आली, याचा अर्थ मधेच कुठेतरी जमिनीकडे वाट फुटली. ती वाट ओल्या भिंतीतून असेल, गिझरच्या पत्र्यातून असेल, किंवा एखाद्या माणसाच्या छातीतून असेल. घरात बसवतात तो ३० मिलिअँपिअरचा. तेवढी तूट दिसली की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात वीज तोडतो.

३० मिलिअँपिअर म्हणजे किती? जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे १७० मिलिअँपिअर घेतो. त्याच्याही निम्म्याहून कमी वीज छातीतून गेली तर माणूस मरू शकतो. आणि १६ चा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर! माणूस मरून पडेपर्यंत एमसीबीला पत्ताही लागत नाही. घरातल्या माणसांसाठी पहारा देणारा पेटीत एकच असतो, तो म्हणजे ईएलसीबी. आणि नेमका तोच काढून टाकायचा सल्ला मिळतो. "पावसाळ्यात हा फार त्रास देतो बाई, बायपास करून देतो." वरच्या स्क्रूंपासून खालच्या स्क्रूंपर्यंत तारा टाकल्या की झाले. बटण जागेवर दिसते, पण आता त्याला काही कळत नाही. नुसते बाहुले.

आमच्या ओळखीच्या एका घरी असेच केलेले होते. पावसाळा, तळमजला, ईएलसीबी सारखा वीज तोडायचा, म्हणून बायपास. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणू लागल्या, "मशिनीला हात लावला की मुंग्या येतात." घरच्यांचे उत्तर काय असावे? "चपला घालून कपडे धुवत जा." महिनाभर त्या चपला घालून कपडे धूत होत्या. शेवटी त्यांनी काम सोडायची भाषा केली तेव्हा कोणीतरी टेस्टर लावून पाहिला, तर धुलाईयंत्राच्या पत्र्यावर टेस्टर पेटला. आतली एक वायर ओलीने खराब झालेली आणि त्या प्लगचे अर्थिंग तुटलेले. ईएलसीबी ‘त्रास देत होता’ तो हेच सांगायला. त्या बाई वाचल्या, हे नशीब.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय झोंबले, सांगते. बायपास करा म्हणणारे दिवाणखान्यात बसलेले होते. ओल्या मोरीत उभी राहून पत्र्याला हात लावणारी दुसरीच होती. निर्णय एकाचा आणि जीव दुसऱ्याचा! आपल्याकडे घराघरांत हेच आहे. गिझर, धुलाईयंत्र, मिक्सर, बादलीतला हीटर, ओल्या हातांनी या सगळ्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना पेटीजवळ फिरकू दिले जात नाही. "तुम्ही हात लावू नका, तुम्हाला नाही कळायचं." निदान मात्र त्या न शिकलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी अचूक केले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे विजेच्या धक्क्याने आपल्या देशात २०१९, २०२० आणि २०२१ या प्रत्येक वर्षी बारा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यात तुटलेल्या तारा आल्या, शेतातल्या मोटारी आल्या, कामाच्या जागा आल्या, तशी घरेही आली. तारा आणि खांब तुमच्या-माझ्या हातात नाहीत. घरातली पेटी आहे.

आता यावर जी उत्तरे येतात ती मला पाठ आहेत. पहिले, "एमसीबीच खराब झाला असेल." असेल की! वस्तू जुनी होते, आतला खटका झिजतो, स्क्रू सैल पडला की तिथेच उष्णता होते. मग तो बदला, पण त्याच आकड्याचा बसवा. दुसरे, "कारण नसताना ईएलसीबी पडतो." कारण असते, आपल्याला दिसत नाही एवढेच. संगणक, टीव्ही, वायफाय अशा प्रत्येक यंत्रातून थोडी थोडी वीज जमिनीकडे झिरपते. वीस यंत्रांचे थेंब थेंब साचले की अर्धी मर्यादा तिथेच संपते, आणि ३० चा ईएलसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मधे कुठेही सुटू शकतो. त्यावर उपाय म्हणजे घराचे दोन भाग करून दोन ईएलसीबी बसवणे. हे उपकरण एखाद्या साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त मिळते. तिसरे उत्तर मोठे गमतीचे आहे. "इन्व्हर्टर बसवल्यापासूनच हा पडायला लागला." बरोबर आहे, कारण इन्व्हर्टर जोडताना एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळला गेला. जाताना वीज एका वाटेने, येताना दुसऱ्या, मग हिशोब जुळणार कसा? चूक जोडणाऱ्याची, आणि ती झाकायला तोच माणूस ईएलसीबी बायपास करून जातो. वर पैसे घेतो! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्याला कोण सांगणार?

सगळे वायरमन असे नसतात, हेही सांगितले पाहिजे. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन, परवाना घेऊन, नेटके काम करणारी कितीतरी मुले आहेत. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे एक-दोघे त्यात आहेत आणि त्यांचे काम पाहून मला आनंद होतो. पण अशा मुलाने "बाई, दोष शोधायला दोन तास लागतील" म्हटले की आपण तोंड वाकडे करतो आणि दहा मिनिटांवाल्याला बोलावतो. मग बाजारात कोण टिकणार? दोष शोधण्याच्या मेहनतीचे पैसे द्यायला आपण तयार नाही, ही खरी मेख आहे.

आणि निम्मे शोधकाम आपण स्वतः, स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता करू शकतो. मी सत्तरी ओलांडलेली बाई करते, मग तुम्हाला काय झाले? ऐका.

पहिल्यांदा शेजारी दिवे आहेत का ते पाहा. ते असतील तर पेटीचे दार उघडा (फक्त दार, आतले स्क्रूचे झाकण नाही). हात कोरडे, पायात चपला, जमीन कोरडी. जळका वास येत असेल, काळा डाग दिसत असेल, पेटी तापलेली किंवा ओली असेल तर कशालाही हात लावू नका, सरळ जाणत्या माणसाला बोलवा.

तसे काही नसेल तर कोणते बटण खाली आहे ते बघा. छोटा एमसीबी असेल तर त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा आणि बटणे बंद करा. एक-दोन मिनिटे थांबा, म्हणजे ती पट्टी थंड होते. मग बटण आधी पूर्ण खाली दाबून वर करा. एकदाच. प्लग सगळे निघालेले असूनही क्षणात खाली आले, तर दोष भिंतीत किंवा बोर्डात आहे. तो एमसीबी खालीच ठेवा आणि वायरमनला बोलवा. वर राहिले, तर एकेक वस्तू लावत जा. एखादी लावताच बटण खाली आले, तर ती वस्तू गुन्हेगार. सगळ्या लावून दहा-वीस मिनिटांनी आले, तर गुन्हेगार कोणी एकटा नाही, भार जास्त आहे. वॅटची बेरीज करा, २३० ने भागा, बटणावरच्या आकड्याशी ताडून पाहा. चौथीच्या गणिताचे काम आहे.

रुंद बटण, म्हणजे ईएलसीबी, खाली असेल तर सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यापाशी ईएलसीबी खाली येईल ते सर्किट सापडले. आता त्यावरच्या वस्तूंचे प्लग उपसून काढा. नुसते बटण बंद करून चालत नाही, कारण बटण बहुधा फेजच तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि दोष न्यूट्रलच्या बाजूलाही असू शकतो. याच कारणाने सगळे एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी टिकला नाही, तर समजा की न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकला आहे. तिथे आपले काम संपले. संशयित कोण, तर आधी पाण्यातले आणि पाण्याजवळचे: क्षाराने कॉइल चिरलेला गिझर, धुलाईयंत्र, पाण्याची मोटर, गॅलरीतला प्लग, ओल आलेल्या भिंतीतला बोर्ड.

हे सगळे एका कागदावर लिहा. कोणते बटण, किती वाजता, तेव्हा काय चालू होते, लगेच की काही वेळाने, पाऊस होता का. हा कागद वायरमनच्या हातात दिलात तर त्याचे दोन तास अर्ध्या तासावर येतात आणि "मोठा टाकून देतो" म्हणायची त्याची हिंमत होत नाही. बिनचूक नोंद असलेल्या बाईपुढे थापा चालत नाहीत, हा माझा वर्गातला आणि वर्गाबाहेरचाही अनुभव आहे.

परदेशातल्या आमच्या भाचेमंडळींना एक सांगणे. अमेरिकेत न्हाणीघरातल्या प्लगला असे संरक्षण १९७५ पासून नियमाने सक्तीचे आहे. तिथे ते बटण तुम्ही कधी काढून टाकाल का? मग इथल्या घरी फोनवरून "बायपास करून टाका, आईबाबांना रात्री-अपरात्री उठायला नको" असे सांगू नका. त्यांना पेटी कशी वाचायची ते शिकवा, आणि पेटीतल्या प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठी चिकटवून जा: स्वयंपाकघर, गिझर, पुढची खोली.

बाकीच्यांनी हे वाचून झाल्यावर एकच करायचे आहे. संगणक नीट बंद करा, लिफ्टमध्ये कोणी नाही ना आणि स्वयंपाकघरात काही शिजत नाही ना ते बघा, मग आपल्या पेटीतल्या ईएलसीबीवरची ती छोटी कळ दाबा. खटकन वीज गेली पाहिजे. गेली तर वर करा आणि महिन्यातून एकदा असेच करत जा. गेली नाही, तर तुमच्या घरात पहारेकरी नाही, पहारेकऱ्याचे बाहुले आहे. आणि पेटीत ते रुंद बटणच नसेल, तर या महिन्याचा पहिला खर्च कोणता करायचा ते मी वेगळे सांगायला नको.